डिंक घातलेला चुना आणि खजुरीची खिडकी

मी एकदा अख्ख्या शाळेला सहा महिने अंधारात ठेवलं होतं. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण या प्रवासात ती माझ्या आधी मुक्कामाला जाऊन बसली होती आणि मला ते तिथं पोचल्यावर कळलं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. उदगीरला डी.एड. करून औरादच्या मराठी शाळेत नुकतीच लागले होते. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे, आणि या तालुक्यात अक्कल माझ्याबरोबरच बसमधून उतरली अशी माझी समजूत होती. आमच्याकडं चैत्र लागला की खिडक्यांच्या काचांना बाहेरून चुना फासतात. ऊन अडतं, वर्ग जरा निवतो. मृगात तो चुना धुऊन जातो, आणि तोवर त्याची गरजही संपलेली असते. इतकी शहाणी रीत. पण त्या वर्षी वळवाच्या दोन सरींनी चुना वैशाखातच वाहून नेला आणि ही नवी बाई पेटून उठली. मी बाभळीचा डिंक शिजवला, चुन्यात घोटला आणि स्वतः स्टुलावर चढून प्रत्येक काचेला दोन-दोन हात दिले.

चुना मृगात गेला नाही. आर्द्रा झाल्या, श्रावण झाला, पोळा झाला, चुना जागच्या जागी. बाहेर ढग, आत चुना, आणि वीज नावाला. पोरं फळ्याला नाक लावून वाचायची. दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी माझ्या हातात ब्लेडचं पाकीट ठेवलं आणि निघून गेले. पाच काचांवर ओरखडे काढून झाल्यावर शाळा झाडणारी तुक्कव्वा आली. कंबरेवर हात ठेवून थोडा वेळ माझी गंमत बघितली, मग घरून चिंचेचा कोळ आणला आणि तांब्याची घागर घासावी तशी एक काच लख्ख करून दिली. चुना काय असतो ते मला पाठ होतं. चिंच आंबट असते हेही ठाऊक होतं. दोघं एकाच डोक्यात राहत होते, पण शेजाऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती.

ही गोष्ट मी घरी दर दिवाळीला सांगते. माझी नात भाग्यश्री, आम्ही तिला भागी म्हणतो, सातवीत होती तेव्हा करंजी खाता खाता म्हणाली, "आज्जी, ऊन आलं की येणारा आन ऊन गेलं की जाणारा चुना नसतोय का?" मी म्हटलं, असलं काही नसतं, गप खा. तेव्हा माझा मूर्खपणा तेविसाव्या वर्षी संपला असं कुणी समजू नये.

भागी आता कलबुर्ग्याला रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, आणि तिनं तो चुना केला आहे. आमच्या भागात लोक येतात ते बिदरचा किल्ला बघायला, नाहीतर कलबुर्ग्याचा दर्गा बघायला. मी यंदाच्या चैत्रात आळंदजवळच्या खजुरी गावची एक खिडकी बघून आले. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते.

औरादहून निघाले

मुलगा सोबत येतो म्हणत होता. त्याला मी घरीच ठेवलं, कारण तो वाटेत 'आई, पाणी पी' याशिवाय दुसरं बोलत नाही. गाडी खय्यूमभाईची होती. खय्यूमभाई बिदरचे, वय साठीच्या आसपास, गाडी सावकाश आणि गोष्टी भरधाव. बिदर मागं पडेपर्यंत त्यांना मी दोनदा सांगितलं होतं की माझ्या नातीनं काच केली आहे, जी उन्हात आपोआप पांढरी होते, आणि तीही मिठापासून. त्यांनी गाडी आणखी सावकाश केली. मग आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "अम्मा, नमक का काँच बनाई बोले तो कैसा मानूँ मैं? बारिश में घुल गई तो?"

प्रश्न वाजवी होता आणि उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी त्यांना डब्यातला धपाटा खायला दिला.

मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला चहाला थांबलो. सोबत सुसला घेतला. चुरमुरे भिजवून केलेला हा प्रकार आमच्या घरीही होतो, पण आम्ही त्यात दाण्याचं कूट घालतो आणि इथं डाळ्याचं पीठ भुरभुरवतात. इथला जास्त मोकळा होतो, हे लिहिताना मला त्रास होतो आहे. चहावाल्या अण्णांनी विचारलं, कुठं निघालात? मी म्हटलं, नातीची काच बघायला. त्यांना वाटलं नातीनं काचसामानाचं दुकान टाकलं. त्यांनी अभिनंदन केलं, आणि मीही ते घेतलं. अभिनंदन परत करत बसू नये.

हुमनाबादच्या पुढं काळी जमीन जाऊन तांबडी लागते. कमलापूरला लाल सालीची केळी मिळतात, ती भागीसाठी घेतली. डझनभर घेतली होती, कलबुर्ग्याला पोचेपर्यंत सात उरली. खय्यूमभाईंनी दोन खाल्ली एवढंच मी सांगेन.

कलबुर्गी

आम्ही जुनी माणसं अजून गुलबर्गाच म्हणतो. भागी जिथं राहते त्या घराच्या मालकीण महादेवक्का. त्यांनी पहिल्याच दिवशी जेवायला बसवलं. एण्णेगाई, म्हणजे आपली भरली वांगी पण तेलात पोहणारी, आणि कडक भाकरी. औरादला आम्ही भाकरी तव्यावरून थेट ताटात घेतो. थंड झाली की ती गुरांची. इथं भाकरी पापडासारखी पातळ थापून वाळवतात आणि पंधरा-पंधरा दिवस डब्यात ठेवतात. आपल्या दातांवर माझा विश्वास होता, कारण ते मी विकत घेतलेले आहेत. पहिल्याच घासाला खालची कवळी भाकरीबरोबर बाहेर आली. महादेवक्कांनी तिकडं बघितलंच नाही असं दाखवून डाळीची वाटी पुढं सरकवली. भाकरी त्यात बुडवून खायची असते. रीत माहीत नसली की माणूस मोडतो, भाकरी नाही.

दुसऱ्या दिवशी भागीनं प्रयोगशाळा दाखवली. एक काचेची पेटी होती, तिला समोरून दोन लांब रबरी हातमोजे जोडलेले. त्यात हात घालून आतलं काम बाहेर उभं राहून करायचं. तिचा माल हवेतलं पाणी पितो म्हणून ही सोय. गाय अडली की गुरांचे डॉक्टर उभे राहतात, तशीच माझी नात त्या पेटीसमोर खांद्यापर्यंत हात घालून उभी राहते. तीन वर्षं उभी आहे.

तिनं एक छोटी बाटली माझ्या हातात दिली. आत पाण्यासारखं, पण जरा जड, मधाच्या चालीचं काहीतरी होतं.

"आज्जी, हे मीठ हाय."

मी छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं की मीठ म्हणजे खडा. वितळवायचं तर आठशे अंशांची भट्टी लागते. तिनं मला बसवून शिकवलं. साध्या मिठाचे कण एका मापाचे असतात, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे. ओळी पक्क्या, म्हणून खडा पक्का. त्यातला एक कण मुद्दाम मोठा आणि वाकडा-तिकडा घडवला, की ओळ लागतच नाही. मग ते मीठ भट्टीशिवाय, साध्या खोलीत, पातळच राहतं. याला आयनिक द्रव म्हणतात. पाण्यासारखं ते उडून जात नाही, आणि कलबुर्ग्याच्या उन्हात हाच त्याचा मोठा गुण. आधी तिनं या मिठाऐवजी पाण्यात जेलीसारखा गर करून बघितला होता. तो दोन काचांमध्ये उन्हाळाभरात आटला आणि तळ्याच्या तळासारखा भेगाळला. तो तुकडा तिनं अजून फळीवर ठेवला आहे. त्याच्या शेजारी फसलेल्या बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीवर नंबर. मी माझ्या ओरखड्यांच्या पाच काचा अशा जपून ठेवल्या असत्या तर मोठी झाले असते.

या पातळ मिठात तिनं एक प्लास्टिकसारखा पदार्थ विरघळवला आहे. थंड असतात तोवर दोघांचं छान जमतं, आणि काच नितळ दिसते. तापले की फाटतं. तो पदार्थ गोळा होऊन बसतो, उजेड त्यावर आपटून विखुरतो, आणि काच दुधासारखी होते. निवले की पुन्हा एकी. मी म्हटलं, म्हणजे एका घरातल्या जावा. सकाळी एकमेकींच्या वेण्या घालतात, दुपारी स्वयंपाकघर तापलं की दोन कोपऱ्यांत तोंडं फुगवून बसतात, दिवेलागणीला पुन्हा एका ताटात. भागी हसली आणि म्हणाली की तिच्या गाईड मॅडमना हे सांगणार. तिची खरी कारागिरी अशी की भांडण कितीला सुरू व्हावं ते ती ठरवते. कणाची शेपटी लांब-आखूड करायची, दोन पातळ मिठं कमी-जास्त मिसळायची. तिनं ते असं बसवलं की काचेनं चाळीस अंशांची चाळिशी ओलांडली की भांडण, खाली आली की समेट. माझ्या सासरी हे कुणाला जमलं असतं तर आमचं घर आजही एकत्र असतं.

गंमत इथवर. पुढचं भागीनं केळं सोलता सोलता सांगितलं, आणि सोललेलं केळं तिनं खाल्लंच नाही. प्रयोगशाळेत दिव्याखाली काच चालते. खऱ्या उन्हात, खऱ्या भिंतीत ती चालते का, हे बघायला तिच्या गाईड मॅडम आणि बाहेरगावचे एक परीक्षक दुसऱ्या दिवशी खजुरीला येणार होते. त्यांना पटलं तर प्रबंध लिहायला घ्यायचा. नाही पटलं तर मिश्रण पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा तेच रबरी हात. काच तिथल्या शाळेच्या पश्चिमेच्या खिडकीत बसवून दोनच दिवस झाले होते, आणि दोन्ही दिवस नेमकं आभाळ.

खजुरी कामून निवडली, मी विचारलं. तिथल्या मुख्याध्यापिका लगेच हो म्हणाल्या म्हणून. मुख्याध्यापिका म्हणजे रुक्मिण, औरादची, माझी विद्यार्थिनी. तिचा नंबर मीच भागीला दिला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

खजुरी

आळंदवरून खजुरीपर्यंत रान मोकळं पडलेलं होतं. तूर केव्हाच निघालेली, नांगरलेली काळी ढेकळं, मधेच कडुनिंब मोहरलेले. दहाच्या सुमाराला पोचलो. दारात रांगोळी, तोरण, पोरं ओळीत. रुक्मिण पुढं येऊन माझ्या पाया पडली. निवृत्तीला टेकलेली मुख्याध्यापिका पाया पडली की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. हे वाटणं साधारण अर्धा मिनिट टिकलं. कारण मागून भागीचा आवाज आला, "आज्जी."

शाळेच्या सगळ्या खिडक्या पांढऱ्या होत्या. पश्चिमेचीसुद्धा.

झालं होतं असं. दरवर्षीप्रमाणे चैत्राचा चुना लावायचा होता. ती एक खिडकी सोडा, असं रुक्मिणनं बजावून सांगितलं आणि परीक्षेच्या कामाला आळंदला गेली. गावातल्या पालकांनी हौसेनं चुना लावायला घेतला. मग त्यांनीच आपसात विचार केला की सगळ्यात जास्त तापणारी खिडकी ती, तीच उघडी ठेवली तर पाहुणे काय म्हणतील. बाईंच्या लक्षात आलं नसेल. त्या काचेवर त्यांनी जास्तीचा एक हात दिला होता. रुक्मिणला ते आमच्याबरोबरच, त्या क्षणी दिसलं.

मी बोटानं खरवडून बघितलं. चुना हलेना. मी रुक्मिणकडं बघितलं.

"डिंक हाय, बाई," ती म्हणाली. "तुमचीच रीत. दरसाल घालताव आमी."

तेवीस वर्षांची ती घड्याळवाली बाई त्या वेळी समोर असती तर मी तिचा कान पिळून तिला आळंदपर्यंत चालवलं असतं.

भागी पायरीवर बसली. तिथूनच तिनं एकेक अडचण मोजून सांगितली. दोन हात चुन्याखाली काच तापणारच नाही. ब्लेड लावलं तर ओरखडे पडतील. पाण्यानं घासायचं तर दोन काचांमधली कडेची चीर बंद केलेली असली तरी तिचा भरवसा नव्हता. थेंबभर पाणी आत गेलं तर ते मीठ ते पिऊन टाकणार आणि चाळिशीचं गणित बिघडणार. पाहुणे एकला येणार होते.

मी पदर खोचला. दुपारच्या जेवणाचं सांबार करणाऱ्या बायकांकडं चिंच होतीच. रुक्मिणनं कोळ आधीच मागवला होता, हे मात्र माझ्या नंतर लक्षात आलं. मी पंचाचा तुकडा कोळात बुडवून घट्ट पिळला आणि भागीला म्हटलं, कडेची चार बोटं सोडून देते, आतलं माझ्याकडं. डिंक आधी भिजू द्यायचा, घाई करायची नाही, मग चिंच आपलं काम करते. हे ज्ञान मी सहा महिन्यांचा अंधार मोजून मिळवलेलं आहे. माझ्या शेजारी रुक्मिण तसाच दुसरा तुकडा घेऊन उभी राहिली. तासाभरात मधली काच नितळ झाली आणि कडेनं चार बोटांची पांढरी चौकट राहिली, देवाच्या फोटोला असते तशी.

पाहुणे बरोबर एकला आले. गाईड मॅडम कानडी, मवाळ. परीक्षक उंच, मोजकं बोलणारे, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट खिशात घेऊन आलेले. काच ओली झाल्यानं निवलेली, ऊन अजून पुरतं फिरलेलं नाही. काच नितळ, म्हणजे साधी काच. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. भागीनं माझ्याकडं बघितलं. मग मी वयाचा फायदा घेतला आणि त्यांना सांगितलं की पाहुण्याला उपाशी ठेवून काच दाखवायची आमच्याकडं रीत नाही. शेंगाच्या पोळ्या होत्या, वर तूप होतं. तिसऱ्या पोळीला ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही असं केलं. शाळा सकाळची होती, पण पोरं घरी जायला तयार नव्हती. सगळी त्या खिडकीखाली जमली होती. सव्वादोनला तिथून ओरडा आला.

"बाई, दूध व्हायलंय!"

वरच्या कोपऱ्यातून सुरुवात झाली होती. चहात दूध सोडल्यावर पसरतं तसं ते पांढरं खाली उतरत आलं आणि पाच-सात मिनिटांत अख्खी काच भरली. पण अंधार झाला नाही, हे मुद्दाम लिहिते. चुन्याच्या खिडक्यांखाली वर्ग काळवंडलेला होता, आणि इथं मऊ, दुधी उजेड पडला होता. ऊन बाहेर थांबलं होतं आणि प्रकाश आत आला होता. मी छत्तीस वर्षं वर्गात उभी होते, असा उजेड बघितला नव्हता.

परीक्षक काचेजवळ गेले. त्यांनी विचारलं, ही पांढरी चौकट कसली? भागीनं खरं ते सांगितलं, "ती आज्जीची पद्धत, सर." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणजे माझा डिंक आता विज्ञानाच्या कागदावर आहे. मग त्यांनी अडचणीचं विचारलं. आली ते ठीक, पण परत जाते हे कसं कळणार? मला संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही.

भागीनं वर्गात नजर फिरवली. मग तिनं माझं मनगट धरलं, कोपऱ्यातल्या माठात माझा हात मनगटापर्यंत बुडवून ठेवला, बाहेर काढून पुसला, आणि तो थंड हात आतून काचेवर, अगदी मधोमध टेकवला. "दाबून धर, आज्जी." मी धरला. काढला तेव्हा त्या दुधात माझा हात नितळ उमटलेला होता, पाचही बोटं, करंगळीचा बाकसुद्धा. त्यातून बाहेरचं कडूलिंबाचं झाड दिसत होतं आणि झाडाखाली खय्यूमभाई तोंड उघडं टाकून झोपलेले. परीक्षकांनी माझ्या तळहाताला डोळा लावून बाहेर बघितलं. हळूहळू बोटं पुन्हा दुधात बुडाली. परीक्षकांनी बाही सरकवली आणि स्वतःचा हात माठात घातला. त्यानंतर मॅडमनी घातला. त्यानंतर शाळेतल्या प्रत्येक पोरानं घातला, माठ संपला.

जाताना मॅडम भागीला म्हणाल्या की लिहायला घे. एवढंच. भागीनं मान हलवली आणि राहिलेली पोळी उभ्या-उभ्या खाल्ली, दोन दिवसांतलं पहिलं जेवण असल्यासारखी. खय्यूमभाईंना उठवून मी काच दाखवली आणि म्हटलं, बघा, घुलली नाही. ते काचेभोवती फिरून आले, म्हणाले बारिश आने दो, फिर बोलता मैं. माणूस असा असावा.

ऊन लिंबाच्या मागं गेलं तशी काच उतरत उतरत नितळ झाली. भागी जमिनीवर बसून वेळा लिहून घेत होती. मी आणि रुक्मिण त्या खिडकीपाशी उभ्या होतो, आमच्या बोटांना चिंचेचा वास. मी तिला म्हटलं, तू तेव्हा चौथीत होतीस, पुढच्या बाकावर. त्या वर्षीची माफी मागायची राहिली होती, आज मागते. सहा महिने फळा दिसला नाही तुम्हा लेकरांना, माझ्या शहाणपणापायी. रुक्मिण आधी हसली. मग पंचाचा तुकडा पिळून दांडीवर टाकला आणि म्हणाली,

"बाई, तुमच्या अंधारात शिकलो म्हणून तर मला पाढे डोळे मिटून येत्यात. ह्या लेकरायला आता उजेडात चुकू द्या."